बिनगेरची गाडी

आमच्या घरी न्यूट्रल हा शब्द इतका रोजच्या वापरात होता, की तो इंग्रजी आहे हे मला हायस्कुलात गेल्यावर कळलं. दूध उतू यायला लागलं की अव्वा, म्हणजे माझी आई, हाक मारून 'निलव्वा, न्यूट्रलला आण' म्हणायची, म्हणजे गॅस बारीक कर. शेजारच्या पोरींशी माझं भांडण पेटलं की अप्पा ओसरीवरून ओरडायचे नाहीत, नुसतं 'न्यूट्रल, न्यूट्रल' म्हणायचे आणि आम्ही गप्प व्हायचो. पाहुणे जेवायला बसले आणि कुणी फार वाढून घ्यायला लागलं तरी अप्पा माझ्याकडं बघून हाताचा पंजा हलकेच डावी-उजवीकडं हलवायचे. गेरची दांडी मोकळी आहे की नाही हे बघायला ड्रायव्हर हलवतो ना, तसा. मी समजून भाताचं पातेलं आत घेऊन जायची.

अप्पांची बीदरला लागून असलेल्या नौबादला मोटार ड्रायव्हिंग शाळा होती. शाळा म्हणजे एक फाटक, फाटकावर कन्नडमध्ये आणि खाली उर्दूत लिहिलेली पाटी, पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी पांढरी चौकोनी गाडी, आणि अप्पा. त्याआधी त्यांनी कितीतरी वर्षं सोलापूर-हैदराबाद तुरीचा ट्रक चालवला होता. कंबर गेल्यावर ते घरी बसले आणि बसल्या बसल्या बायकांना गाडी शिकवायला लागले. पुरुष त्यांच्याकडं टिकत नसत, कारण अप्पा पहिले चार दिवस गाडी सुरूच करू देत नसत. बायका टिकायच्या. आमची गल्ली एका तोंडाची, उताराची. वरच्या टोकाला आमचं फाटक, खालच्या टोकाला पिठाची गिरणी आणि मोठा रस्ता. हा उतारच आमच्या शाळेचा खरा स्टार्टर होता. मी आठवीत असताना गाडीची बॅटरी जी मेली ती अप्पांनी बदललीच नाही. रोज सकाळी गाडी न्यूट्रलला टाकायची, हँडब्रेक सोडायचा, गाडी आपसूक फाटकातून उतरायला लागायची, आणि तिसऱ्या घरापाशी दुसरा गेर टाकून क्लच सोडला की दोन आचके देऊन इंजिन धडधडायला लागायचं. शिकताना कुणाच्या हातून इंजिन बंद पडलं, तर तिनं उतरून, पदर खोचून, गाडी ढकलायची असा नियम होता. त्यामुळं आमच्या शाळेतली बाई चढावर, बाजारात, म्हशींच्या कळपात, कुठंही अडकली तरी इंजिन बंद पडू देत नसे. गावात याचं कौतुक होतं. अप्पा म्हणायचे, नवी बॅटरी टाकली की बायकांचा हात बिघडंल. अव्वा म्हणायची, नवी बॅटरी टाकायला आधी हात खिशात घालावा लागतो.

त्या घराचे आवाज आता आठवायला बसले तर सगळे शिकाऊच आठवतात. पहाटे अप्पांचा ओसरीवरचा धडा: 'आरसा, हात, मग गेर.' त्याच्यावर अव्वाच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि दोन्हीच्या वरून कानठळ्या बसवत जाणारी शिकाऊ विमानं. बीदरला विमानं चालवायला शिकवतात, आणि ती पोरं आमच्याच डोक्यावरून वळायची. आकाशात शिकाऊ आणि खाली रस्त्यावरही शिकाऊ. फक्त मधल्या घरात राहणारी मी तेवढी शिकत नव्हते. मी कन्नड माध्यमात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, होते. अर्ध्या नौबादच्या बायकांना अप्पांनी गाडी शिकवली, पण मी विचारलं की एकच उत्तर, 'अठरा झाल्यावर बगू.' मला अठरा पूर्ण होऊन सात महिने झाले होते. मी अव्वाला म्हटलं, सांगू का त्यांना? अव्वा म्हणाली, 'नगं. त्येंच्या ध्यानात कवा येतंय बगू.' तेव्हापासून आम्ही दोघी बघत होतो.

अशा दिवसांत एका बुधवारी संध्याकाळी सरोजा आत्या आणि शरणप्पा मामा गुलबर्ग्याहून आले. आता सगळे कलबुर्गी म्हणतात, मीही म्हणते, पण त्या दोघांचं गाव माझ्या तोंडात अजून गुलबर्गाच येतं. आत्या अप्पांची धाकटी बहीण, मामा तिचा नवरा. मामांचा तुरीचा मोठा व्यापार. माणूस उमदा, पोट पुढं, आणि आवाज असा की आमच्या ओसरीवर बोलले तर गिरणीतल्या बायका वळून बघायच्या. यावेळी ते नवी गाडी घेऊन आले होते. अबोली रंगाची, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. त्यांनी ती थेट फाटकाला नाक लावून उभी केली, उतरले, आणि चप्पल घालायच्या आधी म्हणाले, 'अण्णा, या गाडीला गेरच न्हाई.'

अप्पा बराच वेळ गाडीकडं बघत राहिले. 'गेर न्हाई म्हंजे?'

'म्हंजे न्हाई. आपलंआप पडत्यात. क्लच बी न्हाई. डाव्या पायाला कामच न्हाई बगा.'

'मग डावा पाय काय करतंय?' अप्पांनी विचारलं.

'आराम करतंय की.'

अप्पांच्या तोंडावर जे दिसलं ते मला तेव्हा राग वाटलं होतं. आता माझी चाळिशी उलटून गेल्यावर, हातातली विद्या डोळ्यांदेखत जुनी होताना मीही एकदोनदा बघितल्यावर, ते काय होतं ते समजतं. ते एवढंच म्हणाले, 'पावणं, उतारावर उभी केलाव. हँडब्रेक वडलाव का?' मामा हसले. 'हँडब्रेक कशाला? पी हाय की. पी म्हंजे पार्किंग. एकदा पी ला टाकलं की हत्ती आला तरी हलत न्हाई.' हे मात्र शब्दशः खरं निघालं.

त्या संध्याकाळी सगळी गल्ली गाडी बघायला आली. मामांनी चारी दारं उघडी ठेवून आतले दिवे लावले, संतांच्या कन्नड वचनांची सीडी लावली, इंजिन बंद ठेवूनच पंखा सोडला आणि शेजारच्या म्हातारीला पुढच्या सीटवर बसवून गार वारं दाखवलं. आत अव्वानं पुंडीपल्ले, म्हणजे अंबाडीची भाजी, कडक भाकरी आणि शेंगाहोळग्या, म्हणजे शेंगदाण्याच्या पोळ्या, केल्या होत्या. आत्यानं तुरीच्या डाळीचं एक पोतं आणलं होतं. मी दाभणानं त्याची शिवण उसवली आणि दाभण चुलीच्या कट्ट्यावर ठेवलं. मामा जेवायला आत आले तेव्हा मागची दोन दारं नुसती लोटलेली होती, दिवे चालू होते आणि वचनंही चालू होती. जेवताना खिडकीतून ऐकू येत होती. हळूहळू गाणारा थकल्यासारखा वाटायला लागला आणि मग थांबला. आम्हाला वाटलं सीडी संपली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, शाळेच्या चार बायकांची लायसनची परीक्षा होती. दहा वाजता, आरटीओच्या मैदानावर. चौघी आठलाच आल्या, इस्त्रीच्या साड्या नेसून, आणि त्यांच्यातल्या नसीमखाला, म्हणजे नसीममावशी, काळा बुरखा घालून. नसीमखालाची गोष्ट वेगळी होती. बाकीच्या तिघी हौसेनं शिकत होत्या. खालांचा नवरा वारला होता, घरात दोन मुली, आणि मुलींच्या एका शाळेनं सांगितलं होतं की सोमवारी लायसन दाखवा आणि शाळेची व्हॅन चालवायला या. नाहीतर दुसरी एक बाई तयार होती. त्या दिवशीची परीक्षा चुकली तर पुढचा नंबर महिन्यानं लागणार होता. त्यामुळं खालांनी रात्रभर गेर टाकले होते. म्हणजे अंथरुणात, हातानं. त्यांच्या मुलीनं मला नंतर सांगितलं.

मामा ऐटीत बाहेर गेले. गाडीतच राहिलेली किल्ली फिरवली. टिक्. परत फिरवली. या वेळी टिकसुद्धा नाही. सगळ्या बायका फाटकाच्या आत, अप्पांच्या गाडीपाशी उभ्या. अप्पांची गाडी फाटकाकडं तोंड करून तयार, आणि फाटकाला नाक लावून ती अबोली गाडी, आडवी नाही, उभी नाही, नुसती बसलेली.

'बॅटरी गेली,' अप्पा म्हणाले, आणि खरं सांगते, त्यांचा आवाज आनंदी होता. हा आजार त्यांच्या घरचा होता. बाह्या सारत ते पुढं झाले. 'काय न्हाई पावणं. न्यूट्रलला टाका. उतारानं खाली सोडू. माझी गाडी निघून जाईल, तुमची मागनं बगू.'

मामांनी गेरची दांडी ओढली. दांडी हलेना. ब्रेक दाबून ओढली, न दाबता ओढली, दोन्ही हातांनी ओढली. पी वर ती रुतून बसली होती. मग अप्पा बसले. तीस वर्षांत या माणसाला न्यूट्रलला येत नाही असं वाहन भेटलं नव्हतं. त्यांनी दांडीवर हात ठेवला, डोळे मिटले, वैद्य नाडी बघतो तसं थोडं थांबले आणि मग हळू आवाजात म्हणाले, 'ह्ये कुलूप हाय. ह्याला करंट लागतंय.'

'मग करंट द्या की तुमच्या बॅटरीतनं,' मामा म्हणाले.

चौघी बायका जमिनीकडं बघायला लागल्या. आमच्या बॅटरीबद्दल पाहुण्यांसमोर बोलायची पद्धत नव्हती. शेवटी अव्वाच दारातून म्हणाली, 'त्येंच्या बॅटरीत करंट असता तर काय पायजे हुतं.'

पुढचा पाऊण तास मी जन्मात विसरणार नाही. आठ माणसांनी मिळून गाडी ढकलून बघितली. ती वीतभर डुलली आणि परत जागेवर बसली. बॅटरीवाल्याचं दुकान अकराला उघडायचं. मामांनी गाडी विकणाऱ्या दुकानातल्या माणसाला फोन लावला. तो झोपेतून उठला होता, तो म्हणाला, साहेब, काळजी करू नका, गाडी पी ला असली तर सुरक्षित आहे. मग मामा म्हणाले, फाटकाचा खांब पाडा, मी नवा बांधून देतो. अप्पा म्हणाले, खांब माझ्या बापाचा हाय. मामा म्हणाले, दुसऱ्या ड्रायव्हिंग शाळेची गाडी मागवा. यावर अप्पा इतके शांत झाले की आत्या घाबरून मधे येऊन उभी राहिली. 'तुमाला कोण सांगितलं हुतं रातभर भजन लावायला?' ती नवऱ्याला म्हणाली. मामा म्हणाले, 'भजन न्हाई ते. वचन हाय.' अव्वानं मधेच सगळ्यांना सुशीला खायला दिला. आमच्याकडं चुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात त्याला सुशीला म्हणतात, आणि भांडण थांबवायला त्याच्यासारखं काही नाही, कारण गार झाला की खाववत नाही. सगळे उभ्याउभ्या खायला लागले. फक्त नसीमखाला बशी हातात धरून नुसत्या उभ्या होत्या. 'मास्टरसाब,' त्या म्हणाल्या, 'ये हाथी उठता कब?' आवाज हसण्याचा होता, पण बशीतला सुशीला तसाच गार झाला होता.

मला ती बशी बघवेना. मी जाऊन मामांच्या गाडीत बसले, उगीचच, आणि पुढचा कप्पा उघडला. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत एक जाड पुस्तक होतं. पिशवीचं तोंडसुद्धा फोडलेलं नव्हतं. ते इंग्रजी होतं आणि माझं इंग्रजी पीयूसी कन्नड माध्यमाचं, म्हणजे पाठ केलेलं तेवढंच. आजकालच्या पोरांना हे सांगितलं तर हसतात, फोनमध्ये एका मिनिटात सापडतं म्हणतात. मला अर्धा तास लागला. अनुक्रमणिकेत बॅटरी शोधली, बॅटरीखाली चित्रं शोधली. एका चित्रात गेरच्या दांडीशेजारी एक बोटाएवढं झाकण दाखवलं होतं, आणि झाकणाखालच्या भोकात काहीतरी टोकदार खुपसणारा एक हात. चित्राखाली पाच ओळी होत्या. मी त्या कन्नडमध्ये, मग मराठीत, मग परत इंग्रजीत वाचल्या. करंट नसेल तर हे झाकण काढा, आत दाबून धरा, दांडी न्यूट्रलला ओढा.

'अप्पा,' मी म्हटलं, 'हितं एक झाकण हाय.'

कुणी ऐकलं नाही. अप्पा मामांना सांगत होते की गाडीला क्लच नसणं म्हणजे माणसाला मान नसणं. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी अप्पांच्याच आवाजात म्हटलं, 'न्यूट्रल. न्यूट्रल.' सवयीनं सगळे गप्प झाले.

झाकण काढायला अप्पांचा स्क्रूड्रायव्हर जाड पडला. मामांनी तो झाकणाला लावूच दिला नाही. 'नवी गाडी हाय, टोचू नगा,' ते म्हणत राहिले. आत्या आत गेली, चुलीच्या कट्ट्यावरचं दाभण घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं. 'टोच,' ती म्हणाली. 'मी हाय.' दाभणाच्या टोकानं झाकण टिचकन उडालं आणि मामांनी डोळे मिटून घेतले. मी दाभण उलटं केलं, भोकात घातलं, किल्ली लावून एक घर फिरवली म्हणजे स्टेअरिंग मोकळं होईल, आणि दाबून दांडी ओढली. काहीतरी आत हललं, पण दांडी येईना.

इथं अप्पा मला आवडले. ते खिडकीत वाकले, चित्र बघितलं, गाडीखाली बघितलं, उताराकडं बघितलं. 'गाडीचं सगळं वजन त्या कुलपाच्या दातावर लटकलंय,' ते म्हणाले. 'मागनं वर रेटून धरा. वजन उतरलं की सुटंल.' पुस्तकात हे नव्हतं. मामा, आत्या आणि चौघी बायका मागं गेल्या आणि गाडीला खालून वर रेटायला लागल्या. अप्पा माझ्या खिडकीशी. 'दाब. वड.' मी दाबलं, ओढलं, आणि दांडी लोण्यातून सुरी जावी तशी न्यूट्रलला आली.

पुस्तकातल्या पाच ओळींपैकी पहिली ओळ 'आधी हँडब्रेक ओढा' अशी होती. ती मी वाचली होती. आठवली ती नंतर.

मागून एकेक हात सुटायला लागला. आधी मामा बाजूला झाले, मग आत्या, मग बाकीच्या तिघी. नसीमखाला एकट्या पाठ लावून उभ्या राहिल्या, 'पकडो, पकडो, मेरी नौकरी जाती' म्हणत, आणि मग त्याही उडी मारून भिंतीला चिकटल्या. गाडी मागं निघाली, मला घेऊन. मी ब्रेकवर पाय मारला. पण सीट मामांच्या पोटाच्या मापानं मागं सारलेली होती. माझा नुसता चवडा पोचला, आणि इंजिन बंद असलेल्या गाडीचा ब्रेक म्हणजे दगड. स्टेअरिंगही तसंच. सीटवरच्या प्लास्टिकवरून मी घसरत खाली गेले, इतकी की हनुवटी स्टेअरिंगखाली आणि डोळ्यांपुढं फक्त आभाळ. त्या आभाळातून नेमकं त्याच वेळी एक शिकाऊ विमान गेलं.

'निलव्वा, वर सरक. मागं बग.'

अप्पा खिडकीला धरून पळत होते. कंबर गेलेला माणूस, पायजम्याची नाडी एका हातात, आणि आवाज रोज सकाळच्या धड्याचा. ना वर, ना खाली. 'स्टेअरिंग जरा डावीकडं. जरा. आता सरळ. भीती वाटायली का?'

'व्हय,' मी म्हटलं.

'वाटू दे. दोनी पाय ब्रेकवर ठेव. उभी राहा त्याच्यावर. आसं. मागं कोण हाय?'

'गिरणीवाला हाय. डबा घेऊन.'

'त्यो सरकंल. तू हात सरळ ठेव. आता उजव्या... न्हाई, डाव्या हातानं हँडब्रेक. दोन बोटांच्या मधी बटण हाय, सोडून वड. वड.'

मी स्टेअरिंगला लोंबकळून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले आणि हँडब्रेक ओढला. गाडी गिरणीपाशी थांबली. मोठा रस्ता तिथून बारा पावलांवर होता. बीदरची एसटी त्याच वेळी हॉर्न देत गेली. अप्पांनी खिडकीवरचा हात काढला नाही. त्यांना धाप लागली होती. मग म्हणाले, 'क्लच नसलेली गाडी हाय म्हणून थांबली.' मला अजून कळलेलं नाही की ते काय म्हणत होते. त्यांनाही कळलं नसावं.

वर फाटक मोकळं झालं होतं. सगळ्यांनी मान वर करून सुस्कारा सोडला, आणि मग एकेकाच्या ध्यानात आलं की आमची गाडी सुरू व्हायला हाच उतार लागतो, आणि उताराच्या तळाशी आता मामांची गाडी उभी आहे. मामा हसायला लागले. अप्पा त्यांच्याकडं बघून हसायला लागले. त्या दोघांना मी आधी कधी एकत्र हसताना बघितलं नव्हतं. चौघी बायका, आत्या आणि अव्वा, पदर खोचून खाली आल्या. खालांनी बुरखा गुडघ्यापर्यंत उचलून कमरेत खोचला. मी आत, स्टेअरिंगवर. कुणी मला उतर म्हटलं नाही. अप्पा पुढून हातानं खुणा करत होते, जसं ते चौघींना रोज करायचे, आणि सगळ्यांनी मिळून ती नवीकोरी गाडी गिरणीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत कडेला लावली. या वेळी मी सगळ्यांच्या आधी हँडब्रेक ओढला.

मग आमची पांढरी गाडी उतारानं आली. नसीमखाला चालवायला, अप्पा शेजारी, तिघी मागं. तिसऱ्या घरापाशी दोन आचके, आणि धूर सोडून रस्त्याला लागली. दहाला दहा कमी होते.

परीक्षेत काय झालं ते खालांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मी तिथं होते असं वाटतं. मैदानावर एक चढाचा कट्टा होता. साहेबांनी खालांना गाडी चढावर थांबवायला लावली आणि म्हणाले, इंजिन बंद करा. खाला म्हणाल्या, 'साब, नक्को.' साहेब म्हणाले, बंद करून परत चालू करा, नियम आहे. खालांनी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी आभाळाकडं बघितलं. खालांनी बंद केली. मग किल्ली नुसती एक घर फिरवून ठेवली, स्टार्टरच्या नादी न लागता क्लच दाबून गेर रिव्हर्सला टाकला, ब्रेक सोडला, गाडी मागं घसरू दिली आणि पायाखालचा क्लच सोडून तिला उलट्या चालीनं चालू केली. मग पहिला गेर टाकून चढ चढल्या. साहेबांनी सही केली म्हणे आणि अप्पांना म्हणाले, 'ह्या बाईंला पास करायलोय. तुमच्या गाडीला न्हाई.' सोमवारी खालांनी शाळेची व्हॅन हातात घेतली. पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या हातात ती होती.

दुपारी बॅटरीवाला येऊन गेला, आणि एक नवी बॅटरी मामांनी अप्पांच्या गाडीतही बसवून घेतली, अप्पा झोपलेले असताना. चार वाजता आत्या आणि मामा गेले. जाताना मामांनी झाकणाच्या जागी पडलेला केसाएवढा ओरखडा मला दाखवला आणि म्हणाले, 'ह्ये राहू दे. लोकांना सांगतो.'

अप्पा उठले ते चहा न घेता ओसरीवर बसले. खिशातून त्यांनी घडी घातलेला एक कागद काढला. आरटीओतून आणलेला, लायसनसाठीचा कोरा फॉर्म. चष्मा लावून ते स्वतःच भरायला लागले. माझं नाव लिहिलं, स्वतःचं लिहिलं. जन्मतारखेपाशी थांबून मला विचारलं. मी सांगितली. ते बोटांवर मोजायला लागले आणि मोजता मोजता त्यांचा हात थांबला.

'म्हंजे अठरा हून गेली की.'

'सात महिने झालं.'

'मग सांगायचं न्हाईस?'

'तुमीच म्हणलाव, अठरा झाल्यावर बगू. मला वाटलं, तुमी बगायलाव.'

आत भाकरी थापता थापता अव्वा हसली. अप्पांनी तारीख लिहिली. पुढं अंगावरच्या खुणेचा रकाना होता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, हनुवटीखालचा वण लिहा, लहानपणी उंबऱ्यावर पडले होते तो. अप्पा काही लिहीनात. आतला भाकरीचा आवाजही थांबला.

'उंबऱ्यावर न्हाई,' अप्पा म्हणाले. 'स्कूटरवरनं पडलीस. मी पाडलो. तीन वर्साची हुतीस, पुढं उभी केलतो. कुत्रं आडवं आलं.' त्यांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. 'तुझी आय म्हणली, लेकराला उंबरा म्हणून सांगू.'

मी अव्वाकडं वळून बघितलं. ती पिठाच्या हातानं दारात येऊन उभी होती आणि कुणाकडंच बघत नव्हती. मला तेव्हा उमगलं की त्यानंतर अप्पांनी मला स्वतः चालवून कधीच कुठल्या वाहनातून नेलं नव्हतं. शाळेत, आत्याकडं, दवाखान्यात, सगळीकडं आम्ही बसनं जायचो, आणि मला वाटायचं, गाडी शाळेची आहे म्हणून. पंधरा वर्षं ते माझ्या शेजारी बसमध्ये बसले होते, ट्रक चालवलेला माणूस, पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून.

'आज तर तुमी नुसते पळायला हुतात,' मी म्हटलं. 'गाडी मीच चालीवले.'

रकान्यात त्यांनी इंग्रजी कॅपिटलमध्ये, एकेक अक्षर सुटं, हनुवटीखाली जुना वण असं लिहिलं. त्याखाली दुसऱ्या खुणेची ओळ होती. 'आजून एक मागायलेत,' ते म्हणाले.

'लिवा,' अव्वा दारातून म्हणाली, 'सांगितलेलं ऐकत न्हाई म्हणून.'

अप्पांनी मनगटावरचा तीळ लिहिला. मग फॉर्म माझ्या पुढ्यात सरकवला, पेन उलटं करून माझ्या हातात दिलं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

'सई कर,' म्हणाले. 'नीट कर. एकदा केली की जल्मभर तशीच करावी लागती.'

मी केली. अजून तशीच करते.